मतदार यादी : सगळ्यांची एकच खातेवही

नोव्हेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात मतदार यादीचे विशेष गहन पुनरीक्षण सुरू झाले आणि बीएलओ घरोघरी फॉर्म घेऊन फिरू लागले. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की आमच्या ओट्यावर दोन-तीन माणसे तरी यायचीच. माझे आयुष्य बँकेत फॉर्म भरण्यात आणि लोकांकडून भरून घेण्यात गेले, त्यामुळे लोधीखेड्यात कागदाचे काही काम निघाले की मला विचारण्याची पद्धत पडली आहे. प्रश्न ठरलेले असत. 'भाऊ, पोरगा नागपूरला नोकरीवर आहे, त्याचं नाव इथंच राहू द्यायचं ना?' 'सून नरखेडची आहे, तिच्या माय-बापाचं नाव महाराष्ट्राच्या यादीत, ते चालते का?' 'कार्ड आहे ना आपल्याजवळ, मग यादी कशाला पाहायची?'

प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकाचे उत्तर शोधायला गेलो की आपल्या संविधानापर्यंत जावे लागते. मी वकील नाही, कॉमर्सचा माणूस आहे. तरी जेवढे वाचून आणि निवडणूक ड्युटी करून कळले, तेवढे आपल्या मंडळातील कुटुंबांसाठी लिहून ठेवतो.

पासबुक आणि खातेवही

आधी कार्डाचे पाहू. बँकेत ग्राहकाच्या हाती पासबुक असते आणि खरी नोंद खातेवहीत असते, आता ती कॉम्प्युटरमध्ये असते. पासबुक हरवले तर दुसरे मिळते. पण खातेच बंद झाले असेल तर नुसते पासबुक दाखवून पैसे मिळत नाहीत. मतदार ओळखपत्राचे तसेच आहे. ते तुमची ओळख पटवते. मत देण्याचा अधिकार मात्र मतदार यादीतल्या नोंदीवरून ठरतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ मध्ये हे स्पष्ट आहे : ज्याचे नाव यादीत नाही त्याला त्या मतदारसंघात मत देता येत नाही.

नोकरीत असताना मला निवडणूक ड्युटी अनेकदा लागली. एका केंद्रावर दुपारच्या वेळी एक म्हातारी बाई आल्या. हातात कार्ड, कार्डावर फोटो त्यांचाच, पण यादीत नाव नाही. मागच्या वेळी इथेच मत दिले होते, असे त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या आणि ते खरेही असावे. मधल्या काळात घर बदलले आणि नाव वगळले गेले. केंद्राध्यक्षाला अशा वेळी स्वतःच्या मर्जीने काही करता येत नाही. त्या बाई काही न बोलता परत गेल्या. त्या दिवसापासून 'कार्ड आहे ना' हे वाक्य कोणी बोलले की मला त्यांचा चेहरा आठवतो.

मत कोणाला होते, कोणाला मिळाले

आज अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाला मत आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी तसे नव्हते. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतांत निवडणुका होत, पण मत मिळायचे ते जमिनीचा सारा किंवा घराचे भाडे भरणाऱ्याला, आयकर देणाऱ्याला किंवा ठरावीक शिक्षण झालेल्याला. काही बायकांना नवऱ्याच्या मालमत्तेमुळे मत मिळे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांतसुद्धा प्रौढ माणसांपैकी एक तृतीयांशाहून कमी लोकांना मताचा अधिकार होता. शेतावरचा मजूर, विणकर, विधवा, हे सगळे बाहेर.

संविधानाच्या कलम ३२६ ने ही सगळी मोजमापे काढून टाकली. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका प्रौढ मताधिकारावर होतील, एवढेच तत्त्व ठेवले. सुरुवातीला वय २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ केले आणि ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. मी माझे पहिले मत १९८४ साली दिले, तेव्हा २१ चा नियम होता. माझ्यापेक्षा लहान भावंडांना मात्र फार वाट पाहावी लागली नाही. नाव नाकारण्याची कारणेही त्याच कलमात मोजून दिली आहेत : त्या ठिकाणी रहिवास नसणे, मनोविकलता, गुन्हा किंवा निवडणुकीतील भ्रष्ट वा बेकायदेशीर वर्तन. गरिबी, निरक्षरता, जात किंवा भाषा यांपैकी कशाचाही त्यात समावेश नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी करायची होती आणि त्यांतले बहुतेक लोक निरक्षर होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हे काम पार पाडले. त्या वेळी आपले लोधीखेडा छिंदवाडा जिल्ह्यात आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात होते, ज्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी पहिले मत दिले ते नागपूरला बसणाऱ्या विधानसभेसाठी. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा इकडेच राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही. पुढच्या निवडणुकीत आपला आमदार भोपाळला गेला.

भाषेच्या लोकांसाठी घेतलेला एक निर्णय

इथे आपल्यासारख्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगतो.

संविधानाच्या मूळ मसुद्यात असे होते की संसदेच्या निवडणुकीसाठी केंद्राचा एक आयोग असावा आणि विधानसभांच्या निवडणुकीसाठी प्रत्येक राज्याचा वेगळा आयोग असावा. १५ जून १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत उभे राहिले आणि ही व्यवस्था बदलणारी दुरुस्ती त्यांनी मांडली. त्यांनी कारणही सांगितले. देशातल्या काही प्रांतांत मिश्र वस्ती आहे. तिथले मूळचे लोक आणि बाहेरून आलेले किंवा वंश, संस्कृती, भाषा यांनी वेगळे असलेले लोक एकत्र राहतात. अशा काही ठिकाणी प्रांतिक सरकारे वेगळ्या लोकांची नावे मतदार यादीत येऊ नयेत अशी व्यवस्था करत आहेत, असे मसुदा समितीच्या आणि केंद्र सरकारच्या कानावर आले होते. मताचा अधिकार ही लोकशाहीतली सर्वांत मूलभूत गोष्ट आहे आणि स्थानिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे कोणी यादीबाहेर राहता कामा नये, असा त्यांचा मुद्दा होता.

सभेत विरोधही झाला. सगळी सत्ता केंद्राकडे जाते आहे, आयोगाची नेमणूक सरकारच करणार असेल तर तो स्वतंत्र कसा राहील, असे हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्या सदस्यांनी विचारले. नेमणुकीचा तो वाद आजही संपलेला नाही. पण शेवटी सभेने एकच निवडणूक आयोग मान्य केला. तेच आजचे कलम ३२४. यादी तयार करण्याचे आणि निवडणूक घेण्याचे पर्यवेक्षण, निर्देशन आणि नियंत्रण या आयोगाकडे आहे. मुख्य निवडणूक आयुक्तांना पदावरून काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी कठीण पद्धत आहे तीच लागते. आयोग २५ जानेवारी १९५० ला, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या आदल्या दिवशी स्थापन झाला. म्हणून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस.

आपण हिंदी राज्यात राहणारे मराठी लोक आहोत. आपल्याशी कोणी दुजाभाव केला असे मी म्हणत नाही. पण आपले नाव यादीत येणे हे कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही आणि तसे ते राहू नये याची काळजी घेणारा विचार संविधान सभेत झाला होता, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

एकच यादी, राखीव जागा असली तरी

कलम ३२५ सांगते की प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात, लिंग या कारणाने कोणाला त्यातून वगळता येणार नाही. इंग्रजांच्या काळी मुसलमान, शीख वगैरेंचे स्वतंत्र मतदारसंघ होते, त्यांच्या याद्या वेगळ्या. दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ की राखीव जागा, यावरून १९३२ मध्ये पुणे करार झाला. स्वतंत्र संविधानाने वेगळ्या याद्या संपवल्या आणि राखीव जागा ठेवल्या.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. छिंदवाडा लोकसभेत विधानसभेच्या सात जागा येतात. त्यांत पांढुर्णा, जुन्नारदेव, अमरवाडा अनुसूचित जमातींसाठी आणि परासिया अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सौंसर, छिंदवाडा, चौरई सर्वसाधारण. पांढुर्ण्याचे काही नातेवाईक विचारतात, 'आमची सीट राखीव, मग आमच्या मताला काय अर्थ?' अर्थ पुरेपूर आहे. राखीव म्हणजे उमेदवार त्या वर्गाचा असावा लागतो. मतदार मात्र सगळेच, एकाच यादीतले. उमेदवाराला सगळ्यांच्या दारी यावेच लागते.

दुसरा गोंधळ जिल्ह्याचा. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. जिल्हा बदलला तरी मतदारसंघ बदलत नाही. मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. म्हणून कलेक्टर पांढुर्ण्याचे असले तरी लोकसभेचे आपले मत छिंदवाड्यातच मोजले जाते.

पोरगा नागपूरला, नाव लोधीखेड्याला

आता सगळ्यांत नाजूक प्रश्न. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकते (कलम १७ आणि १८). ते कुठे, तर जिथे तो 'सामान्यतः रहिवासी' आहे तिथे. गावात घर किंवा वावर नावावर आहे, एवढ्याने माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही, असे कलम २० सांगते. तसेच थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपतही नाही. होस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा होस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव ठेवता येते.

दोन ठिकाणी नाव ठेवून दोन्हीकडे नाही म्हणणे ही चूक आहे, आणि फॉर्मवर खोटे घोषणापत्र दिले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे मी दुसऱ्यांना सांगत होतो, पण माझ्याच घरी दिव्याखाली अंधार होता. माझा मुलगा बारा वर्षांपासून नागपूरला आहे. तिथे फ्लॅट, मुलांची शाळा तिथेच, आणि तिथल्या यादीत त्याने नाव नोंदवलेले. इथले नाव मात्र मी काढले नव्हते. त्याचे दुसरे मत पडावे असा विचार मनात कधीच नव्हता आणि पडलेही नाही. खरे कारण वेगळेच होते. यादीत आमच्या घर क्रमांकाखाली त्याचे नाव वाचले की पोरगा अजून गावचाच आहे असे वाटायचे. बीएलओ फॉर्म घेऊन आले तेव्हा त्याच्या नावापुढे काय लिहायचे यावर मी दोन दिवस घालवले. मुलाने फोनवर सांगितले, 'बाबा, मी दिवाळीला येतोच ना. यादीत कशाला पाहिजे?' मग लिहून दिले की तो स्थलांतरित झाला आहे.

ज्यांची मुले अलीकडेच बाहेर गेली आहेत आणि तिकडे नाव नोंदवायचे आहे, त्यांनी नवीन नाव म्हणून फॉर्म ६ भरू नये. फॉर्म ८ भरावा. त्यात पत्ता बदलण्याची सोय आहे आणि दुसऱ्या राज्यातही तोच चालतो. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. घरात कोणी वारले असेल तर फॉर्म ७ देऊन नाव वगळून घ्यावे. मृत माणसाचे नाव यादीत राहणे म्हणजे कोणाच्या तरी हाती सही केलेला कोरा चेक राहण्यासारखे आहे.

सुनांची नावे

१९५१-५२ च्या यादीत एक मोठी अडचण आली. अनेक बायकांनी नाव सांगताना 'अमक्याची माय', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. स्वतःचे नाव परक्या माणसाला सांगायची रीत नव्हती. सुकुमार सेन यांनी निर्णय घेतला की स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. परिणामी सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. निर्णय कडक होता, पण त्यामुळे पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःचे नाव सांगू लागल्या.

आजची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे लग्नानंतर काही घरांत मुलीचे नावच बदलतात, आडनाव तर बदलतेच. माहेर काटोल, नरखेड, सावनेरचे, म्हणजे जुनी नोंद महाराष्ट्राच्या यादीत, तीही मराठीतून. सासरची यादी हिंदीतून, त्यात 'काळे' चे 'काले' आणि 'धवळे' चे 'धवले' होते. या वेळच्या पुनरीक्षणात २००३ च्या जुन्या यादीशी नाते दाखवायचे होते, तेव्हा अनेक सुनांना माहेरी फोन करून आई-वडिलांची नोंद शोधून आणावी लागली. महाराष्ट्रातली नोंदही त्यासाठी चालत होती, पण हे माहीत नसल्याने काही घरांत उगाच घबराट झाली.

ओळखपत्रावरील किरकोळ अक्षरभेदामुळे मत अडवले जात नाही, ओळख पटली की पुरे. तरीही फॉर्म ८ देऊन दुरुस्ती करून ठेवणे बरे. अर्ज हिंदीत लिहायला कोणाला जमत नसेल तर संविधानाचे कलम ३५० लक्षात ठेवावे : गाऱ्हाण्याचे निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. आपली मराठी त्यात येते.

वेळ निघून जाण्याआधी

नाव वगळले गेले तर काय? कारण विचारण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. निर्णय पटला नाही तर कलेक्टरकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण हे सगळे वेळेत करायचे. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही की काढता येत नाही. कलम ३२९ प्रमाणे निवडणूक चालू असताना न्यायालयेही मध्ये पडत नाहीत. निवडणुकीवर आक्षेप घ्यायचा तर नंतर निवडणूक याचिकाच करावी लागते. निवडणूक वेळेवर पूर्ण व्हावी म्हणून संविधानाने हे असे ठेवले आहे. त्याचा अर्थ आपल्यासाठी एवढाच की मतदानाच्या दिवशी सकाळी केलेल्या भांडणाचा उपयोग नाही.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात. नव्या मुलांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण झाले असले की नाव नोंदवता येते. दुसरे, आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असे केंद्रावर कळले तर गुपचूप परत येऊ नये. ओळख पटवून दिली की प्रदत्त मतपत्रिका मागता येते. तिसरे, आपल्या नगर परिषदेची निवडणूक हा आयोग घेत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ते काम राज्य निवडणूक आयोगाला दिले आहे आणि वॉर्डाची यादीही त्याच्याच देखरेखीखाली बनते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून वॉर्डाच्या यादीत असेलच असे गृहीत धरू नका. दोन्ही पाहा.

यादी पाहायला आता तहसीलला जावे लागत नाही, मोबाइलवर दिसते. चौकशीसाठी १९५० हा फोन नंबर आहे, बीएलओ तर आपल्या गल्लीतलेच असतात. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी कार्ड घेऊन माझ्या ओट्यावर यावे. येताना घरातल्या बायकांची आणि म्हाताऱ्यांची कार्डेही आठवणीने आणावीत, कारण बहुधा तीच घरी राहून जातात.